ऐकून राहिलंय

१

दुपारी बाराच्या सुमारास मी प्रयोगशाळेचं कुलूप काढायचे, पंखा लावायचे, खिडकीत येऊन बसलेल्या होला पाखराला हुसकायचे आणि संगणक सुरू करायचे. मग पलीकडच्या, आनंदराजच्या टेबलावर असलेल्या दोन लहान काळ्या स्पीकरांचं बटण दाबायचे. सात महिने हाच क्रम होता. आनंदराज नव्हता, पण काम दोघांचं होतं, आणि त्याचं टेबल अजून कुणी मागितलं नव्हतं.

काम एका दीर्घिकेचं. ऐंशी कोटी प्रकाशवर्षांवरची. साध्या दुर्बिणीतून पाहिली तर धुरकट ठिपका. रेडिओ दुर्बिणीतून पाहिली तर त्या ठिपक्याच्या दोन्ही अंगांना सरळ रेषेत दोन झोत निघालेले दिसतात आणि त्यांच्या टोकांना ढगासारखे दोन मोठे फुगवटे. मध्यभागी कृष्णविवर आहे. ते भोवतालचा वायू गिळतं आणि गिळता गिळता हे झोत बाहेर फेकतं. अशा दीर्घिकांना सक्रिय म्हणतात. आनंदराजचा अंदाज असा होता, की आमच्या दीर्घिकेच्या जुन्या, विझत आलेल्या फुगवट्यांच्या आत दोन लहान, ताजे फुगवटे असणार. म्हणजे ती एकदा पेटली, मग काही कोटी वर्षं गप्प झाली आणि पुन्हा पेटली. ते दाखवायला आम्ही नारायणगावजवळच्या तीस अँटेनांच्या दुर्बिणीवर वेळ मागितला होता. वेळ मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा आनंदराजला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. भोकर फाट्याजवळ, भर दुपारी, ट्रकखाली.

दुर्बिणीतून चित्र येत नाही, आकडे येतात. लाखांनी. मोबाईलचे टॉवर, विजेच्या तारा, वरून जाणारं विमान, सगळ्यांची घाण त्यात मिसळलेली असते. खडे वेचावेत तसे ते खराब आकडे वेचून टाकायचे आणि मग चित्र काढायचं. सगळे जण आलेख बघून हे करतात. आनंदराजनं आकड्यांचा आवाज करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. चांगले आकडे सलग वाजायचे, लांबून पाऊस येत असल्यासारखे. खराब आले की तडतड व्हायची. "डोळे थकतेत, शिवांगी," तो म्हणायचा, "कान थकत न्हाईत." मी हसायचे. तो गेल्यावर मीही कानांनीच वेचायला लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, जानेवारीतल्या निरीक्षणाची फाईल ऐकत असताना स्पीकर एकदम गप्प झाले. तडतड नाही, काही नाही. चार सेकंदांनी आवाज परत आला.

आकडे गळाले असतील म्हणून आलेख पाहिला. आलेख सलग होता. मागे जाऊन पुन्हा वाजवलं. त्याच जागी पुन्हा चार सेकंद. या वेळी माझी नजर सहज वर गेली. आमचा पंखा जुना आहे, खडखडतो, त्याच्या खाली बसून फोनवर बोलता येत नाही. तो फिरत होता. पण त्याला आवाज नव्हता.

२

मी भौतिकशास्त्र शिकवते. घाबरण्याआधी तपासायचं, एवढं मला येतं.

स्पीकरची वायर बदलली. प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचली. फाईल दुसऱ्या संगणकावर नेऊन वाजवली. चार सेकंद तिथेही होते. मग दुर्बिणीच्या माहिती केंद्रात संगमेश्वर म्हणून एक ओळखीचा आहे, आमच्या लातूरचाच, त्याला फोन केला. आमचा प्रोग्रॅम पाठवला, त्यावर त्यानं मूळ प्रत वाजवून पाहिली.

"माझ्याकडं तर झकास वाजून राहिलंय, मॅडम," तो म्हणाला. "कुठंच खंड न्हाई. नवीन प्रत पाठवू का?"

त्यानं पाठवली. ती प्रत एकदम स्वच्छ निघाली, एक सेकंदही गप्प नाही. खरं तर तिथंच विषय संपला होता. जुनी फाईल पुसायची, नव्या प्रतीवर काम करायचं. मी नवी प्रत डिस्कवर ठेवली आणि जुनी पुसली नाही.

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये जाऊन कानही तपासून घेतले. डॉक्टरांनी कानांत वेगवेगळे सूर वाजवले, ऐकू आला की बोट वर करायला सांगितलं. मी सगळ्यांना बोट वर केलं. "लहान मुलासारखे कान आहेत तुमचे," ते म्हणाले. "झोप कशी आहे?" झोप चांगली होती. ते त्यांना खरं वाटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी जुनीच फाईल लावली. त्या जागी आता सात सेकंद होते.

३

डिस्कवरची फाईल आपोआप बदलत नाही. आकडे एकदा लिहिले की लिहिले. तरी सातचे अकरा झाले, अकराचे एकोणीस. मी वहीत तारखेपुढे सेकंद लिहून ठेवू लागले. आलेख रोज तसाच, सलग.

त्या सेकंदांत बाहेरच्या रस्त्याचा आवाज बंद व्हायचा. पाण्याच्या टाकीची मोटर बंद व्हायची. होल्याचा गळा फुगलेला दिसायचा, पण घुमणं ऐकू यायचं नाही. मी टेबलावर बोटांनी ठोकून पाहिलं, बोटांना लाकूड लागलं आणि आवाज झाला नाही. मला भीती वाटायला हवी होती. पहिले काही दिवस वाटलीही. मग तिच्याखाली दुसरंच काही हलायला लागलं.

रिकाम्या घरात पाऊल टाकलं की कळतं, आत कुणी नाही. आणि दाराआड कुणी उभं असलं तर तेही कळतं, कसं ते सांगता येत नाही. या शांततेत कुणीतरी होतं. ते काही करत नव्हतं. ऐकत होतं.

आनंदराज असाच ऐकायचा. एरवी बडबड्या, पण मी फोनवर काही मनातलं बोलायला लागले की इतका गप्प व्हायचा, की मला वाटायचं लाईन कटली. मी विचारायचे, "आहेस ना?" तो म्हणायचा, "ऐकून राहिलो, बोल." चार वर्षांत मी त्याला पुष्कळ सांगितलं आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

त्या दिवशी एकोणीस सेकंद व्हायला आले होते. मी स्पीकरकडे तोंड करून, आपण काय करतोय हे कळत असताना म्हणाले, "आहेस ना?"

माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला. त्या शांततेत फक्त तेवढाच ऐकू येत होता.

उत्तर आलं नाही. पण एकोणीस सेकंद झाले, वीस झाले, तीस झाले, आणि शांतता उठली नाही. पुढे काय, याची वाट बघत बसल्यासारखी ती तशीच राहिली.

४

तीन आठवडे मी रोज दुपारी बोलले.

सुरुवातीला कामाचं. पूर्वेकडचा झोत वाकलेला दिसतो, तुझा अंदाज खरा असेल, आतले फुगवटे अंधुक का होईना दिसायला लागलेत. मग घरचं. निलंग्याला आमची ऊस तोडणी संपली, पप्पा आता मोकळे झालेत, दर आठ दिवसांनी एका मुलाचा फोटो पाठवतात. शेवटचा बसवकल्याणचा होता, त्याच्या मागे ट्रॅक्टर उभा होता. सांगताना मला हसू आलं. हसून झाल्यावर मी थांबले, आणि शांतताही वाट बघत थांबली, अगदी तो थांबायचा तशी.

मग ते सांगितलं. कँटीनमध्ये तू म्हणालास, रविवारी घरी चल, आई बोलवून राहिली. मी म्हटलं डोकं दुखतंय. पुढच्या वेळी म्हटलं पेपर तपासायचेत. डोकं दुखत नव्हतं आणि पेपर आठवडाभरापूर्वीच झाले होते. अर्धापूर इथून अर्ध्या तासावर. पण कुणाच्या घरी गेलीस, कुणाच्या हातचं खाल्लंस, हे आमच्या घरात फार सरळ विचारतात, आणि मला खोटं बोलता येत नाही असं मी स्वतःला सांगत होते. तुझ्याशी तर येत होतं. तुला कळत होतं ना? तू कधी तोंडावर आणलं नाहीस. आणलं असतंस तर बरं झालं असतं.

हे बोलताना मी रडले नाही. मला हलकं वाटलं. दुपारी तीन-साडेतीनला मी कुलूप लावून बाहेर पडायचे तेव्हा एप्रिलचं ऊन अंगावर यायचं आणि मला ते चांगलं वाटायचं. हॉस्टेलच्या पोरी म्हणाल्या, मॅडम हल्ली खूश दिसता.

एकदा मात्र, पुरावा असावा म्हणून, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला. संध्याकाळी खोलीवर येऊन ऐकलं. पंख्याची खडखड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग होती. स्पीकरचा आवाजही सलग. होला घुमत होता, मोटर चालू होती. कुठे काही बंद पडलं नव्हतं. त्या सगळ्या गोंगाटात मी एकटी बोलत होते. दोन वाक्यांच्या मध्ये, हळू आवाजात, मीच म्हणत होते, "मग?"

पुन्हा थोडं बोलणं. पुन्हा, "मग?"

मला असं म्हटल्याचं आठवत नव्हतं. पण आवाज माझाच होता. एकटं बोलणारं माणूस स्वतःला काय काय विचारत असेल, असं म्हणून मी ते रेकॉर्डिंग पुसलं.

५

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी आनंदराजची आई आली. पंचशीलाबाई अर्धापूरला अंगणवाडी सेविका आहेत. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, दवाखान्यात, लोखंडी बाकावर. पुण्यानुमोदनाला, त्याच्या नावानं ठेवलेल्या शोकसभेला, मी गेले नव्हते. त्या दारात उभ्या राहिल्या, हातात रिकामी कापडी पिशवी.

"तुमच्या विभागाच्या सरांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "टेबल मोकळं करून पायजे म्हणे. नवी पोरगी येऊन राहिली."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. त्या बसल्या नाहीत, सरळ खण उघडून एकेक वस्तू काढायला लागल्या. वह्या, स्टीलचा पेला, घडी केलेला रुमाल. रुमाल त्यांनी उलगडून पाहिला आणि पुन्हा त्याच घडीवर घातला. मग स्पीकरांवर हात ठेवला.

"हे त्याचेच ना? घेतले त्या दिवशी मला फोन करून सांगितलं होतं त्यानं. धम्मप्रियाला होतेन. तिला क्लासचे व्हिडिओ ऐकायला पायजेत." धम्मप्रिया आनंदराजची धाकटी बहीण, नांदेडलाच बी.एस्सी. करते, अर्धापूरहून ये-जा करते. कधीमधी त्याच्याकडे प्रयोगशाळेत यायची, तेवढी ओळख.

"मावशी," मी म्हणाले, "ते आठ दिवसांनी नेले तर?"

"कामाला लागतेत तुला?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगणवाडीत रोज तीस लेकरांची तोंडं बघणारी बाई. "काय झालं, पोरी?"

मी सांगितलं. चार सेकंदांपासून सगळं. माझं-त्याचं जे होतं आणि जे नव्हतं, तेसुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर त्या खुर्चीत बसल्या, त्याच्या.

"आमच्यात आत्मा मानत न्हाईत," त्या म्हणाल्या. "बावीस प्रतिज्ञा पाठ हायत मला. लेकराला नजर लागली म्हणून बाया दंडाला काय काय बांधून आणतेत, मी कात्रीनं कापून टाकते. गेलेलं माणूस गेलं. परत येत न्हाई, बोलत न्हाई. मी डोळ्यांनी पाहिलंय त्याला जाताना." थोडा वेळ त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "पण लाव. ऐकते."

६

पाऊस लांबून येत असल्यासारखा तो आवाज खोलीत भरला. पंचशीलाबाई मान जरा कलती करून ऐकत होत्या. मग ती जागा आली आणि सगळं बंद झालं.

मला सवय होती. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग डोळे मिटले. आजारी लेकराच्या छातीला कान लावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मी मनात म्हणत होते, तोच आहे म्हणा. एकदा म्हणा.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला. मी आवाज थांबवला. पंखा खडखडायला लागला.

"हे आनंद न्हाई," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"जन्मापासून नाकाचं हाड वाकडं होतं त्याचं. गप बसला की बारीक शिट्टी यायची नाकातून. जागा असू दे, झोपलेला असू दे. अंधारात मी त्यावरूनच ओळखायची, कुठं बसलाय ते. तुला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्याच्या समोर बसले होते. पण पंखा कायम चालू असायचा.

"कुणी ऐकून राहिलंय, हे खरं हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "तुला उगंच भास होऊन राहिला न्हाई. मला पण कळलं. पण माणूस ऐकतं तवा श्वास धरून ठेवतं, पोरी. यानं धरला न्हाई. याला श्वासच न्हाई."

तीन आठवडे रोज दुपारी जे जे बोलले होते ते एकेक आठवायला लागलं. पप्पांचं नाव. निलंग्याचं घर. त्याचं घर अर्ध्या तासावर आहे, कोणत्या गावात आहे.

"मग कोण आहे?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत बाई. शिकलेल्या तुम्ही." त्या स्पीकरकडे बघत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव. अन् तू जरा बाहेर थांब."

"मावशी, आत्ताच तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले की. थांब बाहेर."

७

प्रयोगशाळेच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. मी वऱ्हांड्यात उभी राहून त्या काचेतून बघत होते. मला त्यांची पाठ आणि गालाची एक बाजू दिसत होती. पंखा फिरत होता. वऱ्हांड्यात सगळे आवाज नेहमीसारखे होते, कुणीतरी जिन्यावरून हसत उतरत होतं.

पहिली पाच मिनिटं त्या हलल्या नाहीत. मग त्यांची हनुवटी हलली. त्या बोलत होत्या. थोडं बोलून थांबल्या. आणि मग त्यांनी मान हलवली, हो म्हणून. पुन्हा हलवली. समोरचं माणूस बोलत असताना आपण हलवतो, तशी. मध्येच त्यांनी झटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, बोलवताहेत. मी दाराच्या मुठीला हात घातला. पण त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग पुन्हा पुढे वळल्या आणि बोलायला लागल्या.

दार उघडून बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. "मिटवून टाक ते," म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर ती जुनी फाईल पुसली, दुसऱ्या संगणकावर नेलेली तिची प्रतही. एवढ्या आठवड्यांत जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. त्यांनी स्पीकर त्याच्या रुमालात गुंडाळले, पिशवीत घातले. मी ऑटोतून त्यांना बसस्थानकापर्यंत सोडायला गेले. अर्धापूरची गाडी लागायची होती. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. कंडक्टर ओरडत होते, रसवंतीचे घुंगरू वाजत होते, आणि मला तो गोंगाट हवाहवासा वाटत होता.

"तुम्ही काय बोलत होता, मावशी?"

"मी कुठं बोलले? मला इचारलं, मी सांगितलं."

"काय विचारलं?"

"ज्याची वाट बघून राहिल्या, त्याचं नाव काय."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. तीन आठवड्यांत मी त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तू म्हणत होते, नुसतं तू.

"आवाज कसा होता?"

पंचशीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नीट, जरा दया आल्यासारखं. "तुझाच होता की. आधी वाटलं, दारातून तूच बोलून राहिली. वळून पाहिलं, तर तू काचेच्या पल्याड, तोंड मिटून."

गाडी मागे घ्या म्हणून कुणीतरी शिट्टी मारली.

"तुम्ही नाव सांगितलंत?"

"आठ महिने झाले," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढं त्याचं नाव कुणी घेत न्हाई. मला वाईट वाटंल म्हणून. धम्मप्रिया घेत न्हाई, गल्लीतल्या बाया घेत न्हाईत. कुणी म्हणून इचारलं न्हाई, तुमचा पोरगा कसा होता. आज कुणीतरी इचारलं. मग सांगितलं मी. बापाच्या नावासकट सांगितलं, गावासकट." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "कोण का असंना. इचारलं तर सांगू न्हाई का?"

गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. निघता निघता म्हणाल्या, "तू पण ये कधी घरी."

८

संगमेश्वरच्या स्वच्छ प्रतीवरून मी चित्र काढलं. या वेळी आलेख बघून, डोळ्यांनीच वेचलं. आनंदराजचा अंदाज खरा निघाला. जुन्या फुगवट्यांच्या आत दोन लहान फुगवटे, ठळक, आणि मध्यभागी ती पुन्हा पेटलेली टिकली. लेख जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवला, त्याचं नाव पहिलं घालून. टेबलावर आता नवी पोरगी बसते. ती कानांत वायरी घालून गाणी ऐकत काम करते. मला ते चालतं.

शनिवारी दुपारी धम्मप्रियाचा फोन आला.

"ताई, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?"

"नाही गं. का?"

"परवा घरी आल्या होत्या, मी क्लासवरून आले, हाक मारली, तर वळून पाहिलं न्हाई तुम्ही. पाठमोऱ्या बसून जेवत होत्या. दोनदा हाक मारली मी. आई म्हणाली, जेवू दे तिला, बोलू नको."

परवा गुरुवार होता. गुरुवारी दिवसभर मी विद्यापीठात होते, बाहेरून परीक्षक आले होते, संध्याकाळी सहापर्यंत त्यांच्याबरोबर होते. अर्धापूर मी आयुष्यात फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं आहे.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"आई लई खूश हाय, ताई. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवली ती पण. दारात उभं राहून तुम्ही म्हणे इचारलं, आनंदराज आहे का. माहीत असून असं कशाला इचारलं, ताई? मला वाटलं, हे सांगताना आईला रडू येणार. पण ती म्हणे, तो न्हाई, पण तू आत ये, जेवून जा. अन् तुम्ही आल्या."

मी आले नव्हते, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. आईला सांग, दार लावून घे, पुन्हा आलं तर आत घेऊ नको. हे सगळं मला सांगायचं होतं आणि ते सांगायला मी तोंड उघडलं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते घर आलं, मी न पाहिलेलं. दार, उंबरा, खाली अंथरलेलं काही, समोर बसून वाढणारी त्याची आई. तिथं कुणीतरी बसलं होतं, माझ्या आवाजात बोलून आत गेलेलं, आणि ती त्याला आणखी घे म्हणत होती.

"ताई? आहात ना?"

"हो," मी म्हणाले. "काय केलं होतं गं जेवायला?"

धम्मप्रिया हसली. "येसर आमटी अन् भाकरी. दादाच्या ताटात वाढलं होतं आईनं. विसरल्या का?"